बैलबाजारातली जर्मन

बैल म्हणजे ऋतुजाचं दप्तर होतं. सातवीच्या वर्गात तिने ते बाकावर उभं केलं, एक हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि समोरच्या मुलाला जर्मन भाषेत सांगितलं, की बैल तरुण आहे, शांत आहे, मारत नाही. मुलाने दप्तराभोवती एक चक्कर मारली. बैल म्हातारा आहे, तो जर्मनमध्येच म्हणाला, आणि लंगडतो. लंगडत नाही, ऋतुजा म्हणाली, आत्ताच झोपेतून उठलाय. मग दोघांनी उजवे हात पुढे केले. त्यांच्या शिक्षिका शिल्पा बिरादार यांनी त्या हातांवर एक मोठी पांढरी दस्ती, म्हणजे रुमाल, टाकली आणि दस्तीखाली एकमेकांची बोटं धरून भाव सुरू झाला.

हा व्यवहार खिडकीबाहेरून ऋतुजाचे वडील पाहत होते. ग्यानोबा वडजे बिलोली तालुक्यात शेती करतात. मुलीच्या शिक्षणासाठी त्यांची बायको लातूरला भाड्याच्या खोलीत राहते, आणि पंधरा दिवसांतून एकदा ते पीठ, डाळ, तेल घेऊन एसटीने येतात. लातूरच्या त्या भागात अशा खोल्यांच्या रांगा आहेत आणि जवळपास प्रत्येक खोलीत एक आई आणि एक दप्तर असतं. त्या दिवशी ते मुलीला खोलीची किल्ली द्यायला शाळेत आले होते. किल्ली खिशातच राहिली. ते थेट संस्थेच्या अध्यक्षांच्या खोलीत गेले.

"सर, पोरगी तिकडं बैल इकून राहिली," ते म्हणाले. "बैलापासून लांब जावं म्हणून हितं आणली तिला. आता तुमीच बाजारात उभी केली."

जर्मनच्या तासाला बैल विकले जातात हे अध्यक्ष रेणुकादास देगलूरकर यांना माहीत नव्हतं. त्यांनी पालकांची बैठक बोलावली. बैठकीचा विषय एका ओळीचा होता: सहावी ते आठवी जर्मन सक्तीची ठेवावी की नाही. शिल्पा यांची पूर्णवेळ नोकरी त्याच ओळीवर उभी होती. विषय सक्तीचा राहिला तर त्या कायम. ऐच्छिक झाला तर तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवतील तेवढाच पगार.

शिल्पा देवणी तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेला लागून असलेल्या एका गावच्या. वडील वीरण्णा यांच्याकडे देवणी जातीची जनावरं. आई गौरम्मा बिदरकडची, त्यामुळे घरात कानडी आणि शाळेत मराठी. वडिलांबरोबर जनावरांच्या बाजारात गेलं की आणखी दोन भाषा कानावर पडत. उदगीरचा व्यापारी दखनी उर्दूत बोले, बिदरचा कानडीत, पलीकडून तेलंगणातून आलेला एखादा तेलुगूत. वीरण्णा प्रत्येकाशी त्याच्या भाषेत भांडत. यातलं काही शिक्षण आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, शिल्पांनाही नाही. त्यांना नर्स व्हायचं होतं. नांदेडला त्यांनी नर्सिंग केलं, तिथल्याच एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात नोकरी केली, आणि बरोबरीची एक मैत्रीण जर्मनीला निघाल्यावर पुण्याला जाऊन भाषेच्या वर्गात नाव घातलं.

परीक्षेत त्यांना उत्तम गुण मिळाले. कासेल शहराजवळच्या एका वृद्धाश्रमात काम मिळालं. पहिल्या सकाळी एका आजोबांनी त्यांना काहीतरी सांगितलं, पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. शिल्पांना एक शब्द कळला नाही. आजोबांना खिडकी बंद करून हवी होती. विभागप्रमुख ब्रिगिटं यांनी ती बंद केली आणि शिल्पांना दोन गोष्टी सांगितल्या. पुस्तक कपाटात ठेव. आणि रोज अर्धा तास त्या कोपऱ्यातल्या बाईंजवळ बस, ज्या सगळ्यांशी भांडतात. शिल्पा बसल्या. बाई सुपावर भांडत, उशीवर भांडत, हवामानावर भांडत. हिवाळा संपेपर्यंत शिल्पा त्यांना उलट उत्तरं देऊ लागल्या, आणि बाईंनी इतर सगळ्यांशी भांडणं सोडून दिलं.

नवरा हरिओम लातूरच्या एका क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतात. शिल्पांबरोबर जर्मनीला जायचं म्हणून त्यांनीही एकदा भाषेच्या वर्गात नाव घातलं होतं. ते तिसऱ्या तासाला वर्ग सोडून आले. शिल्पा चौथ्या वर्षी जर्मनी सोडून आल्या. कोणी कोणासाठी काय सोडलं, हे ते दोघं थट्टेतच बोलतात.

देगलूरकर सरांना त्याच सुमारास जर्मनच्या शिक्षिका हव्या होत्या. ते निवृत्त प्राध्यापक, विषय भौतिकशास्त्र. एकदा ठरवलं की ठरवलं, असा त्यांचा स्वभाव, आणि शाळा त्याच स्वभावावर वाढलेली. पुण्याच्या शाळांत परदेशी भाषा असते तर लातूरच्या शाळेत का नको, हा त्यांचा प्रश्न होता, आणि तो योग्यच होता. नर्सिंगची, आयटीआयची मुलं पंचविशीत जाऊन परकी भाषा घोकतात. तीच अकराव्या वर्षी का सुरू करू नये, असंही ते विचारत. त्यांनी सहावी ते आठवी जर्मन सक्तीची केली आणि शिल्पांना कायम नेमणूक दिली. अट एकच घातली. विषय इतर विषयांसारखाच चालेल: प्रश्नसंच, नमुना उत्तरं, रविवारची टेस्ट, सोमवारी फलकावर मार्क.

शिल्पांना त्यात काही वावगं वाटलं नाही. लातूरमध्ये सगळं असंच शिकवतात आणि निकाल लागतात. त्यांनी मन लावून प्रश्नसंच तयार केला. पहिल्या धड्याचं नमुना उत्तर पाठ्यपुस्तकातल्या संवादातून उचललं: माझं नाव पेटर, मी हाम्बुर्गचा, मला एक बहीण आहे. नियम नेहमीचाच, उत्तर नमुन्याशी जुळलं तर पूर्ण गुण. पहिल्या टेस्टमध्ये ऋतुजा वडजेने पेटरच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं होतं आणि हाम्बुर्गच्या जागी बिलोली. तिचा अर्धा मार्क गेला. पुढच्या टेस्टला तिने पेटर लिहिलं. वर्षअखेरीस जर्मनचा निकाल गणिताच्याही वर होता.

मग सुट्टी लागायच्या तोंडावर ब्रिगिटं आल्या. त्या आता निवृत्त झाल्या होत्या, वेरूळ पाहायला भारतात आल्या होत्या आणि शिल्पांना भेटायला वाट वाकडी करून लातूरला पोहोचल्या. देगलूरकर सरांनी त्यांना शाल घातली आणि वर्गात नेलं. पहिला मुलगा उभा राहिला.

"इश हाइसं पेटर," तो ठणठणीत म्हणाला. "इश कोमं आउस हाम्बुर्ग."

दुसरी मुलगी उठली. तिचंही नाव पेटर होतं आणि तीही हाम्बुर्गची होती. मग तिसरा, चौथी, अख्खी पहिली रांग. उच्चार चांगले होते. ब्रिगिटं यांनी प्रत्येक पेटरशी हात मिळवला. ऋतुजापाशी थांबून त्यांनी विचारलं, हाम्बुर्गला सध्या पाऊस आहे का? ऋतुजाने शिल्पांकडे पाहिलं. हा प्रश्न संचात नव्हता.

देगलूरकर सरांनी टाळ्या वाजवल्या. प्रवेशाच्या जाहिरातीसाठी याचा व्हिडिओ काढून ठेवायला हवा होता, असंही ते म्हणाले. परतताना रिक्षात ब्रिगिटं शाल घडी करत होत्या. हाम्बुर्गची एवढी माणसं आपल्याला उभ्या जर्मनीत एका जागी भेटली नव्हती, एवढंच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवशी शिल्पांनी सरांना वर्गात खरं काय झालं ते सांगितलं. सरांना आधी पटलं नाही, मग पटलं, मग त्यांनी विचारलं की मार्क तर चांगले आहेत ना. शिल्पांनी एक वर्ष मागितलं. जर्मनला टेस्ट नाही, प्रश्नसंच नाही, निकालपत्रकात मार्कांचा रकाना रिकामा. देगलूरकर सर हट्टी असले तरी प्रयोगाला घाबरणारे नाहीत. एक वर्ष दिलं, म्हणाले.

बैल त्याच सुट्टीत आला. माहेरी गेलेल्या शिल्पा वडिलांबरोबर बाजारात गेल्या. वीरण्णांना एक गोऱ्हा विकायचा होता. गिऱ्हाईक पलीकडचं, तेलुगू बोलणारं. दोघं गोऱ्ह्याच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि एकाने काढलेली खोड दुसऱ्याने तिथल्या तिथे खोडून काढायची, असं सुरू झालं. भाव मात्र तोंडाने कोणी काढला नाही. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून तो दस्तीखाली बोटांनीच सांगायचा, ही तिथली जुनी रीत. शिल्पांनी हे लहानपणापासून पाहिलं होतं. पण या वेळी त्यांच्या लक्षात आलं, की इथे उत्तर पाठ करून येताच येत नाही. समोरचा काय बोलणार हे त्याने तोंड उघडेपर्यंत कोणाला माहीत नसतं.

जूनमध्ये त्यांनी वर्गात बाजार भरवला. नियम देवणीचाच. भाव बोटांनी, दस्तीखाली. बाकी सगळं मोठ्याने आणि जर्मनमध्ये. आकडे मुद्दाम बोटांवर ठेवले, कारण मुलांना हजारापर्यंतचे आकडे पाठ होते आणि ती आकड्यांमागे लपत होती. पहिले काही तास वर्गात फक्त दप्तरं उभी होती. मग एका मुलाने आपला बैल दिवसाला वीस लिटर दूध देतो असं सांगितलं आणि सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडला, तोही मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये. शिल्पांनी त्याला थांबवलं नाही. हरिओम घरी म्हणाले, की तुझ्या विषयात पोरं खोटं बोलायला शिकतात. खोटं बोलायला भाषा यावी लागते, शिल्पा म्हणाल्या, नमुना उत्तराला ती लागत नाही.

वर्षाच्या शेवटी या वर्गात पेटर कोणी उरला नव्हता. ज्या मुलांना व्याकरण येत नव्हतं, ती हातवाऱ्यांनी वाक्य पुरं करत, पण वाक्य सोडत नसत. ऋतुजा त्यात पुढे होती. बाकीच्या विषयांच्या टेस्टमध्ये ती मधल्या रांगेतली. बाजारात तिच्याकडून बैल घेणं कठीण. नेमकं तेव्हा तिच्या वडिलांनी खिडकीतून पाहिलं.

बैठक शनिवारी दुपारी शाळेच्या सभागृहात झाली. गर्दी चांगली होती, कारण तक्रार एकाची असली तरी खदखद अनेकांची होती. मार्क नसलेल्या विषयाला आठवड्याचे इतके तास कशाला, ते नीट-जेईईच्या फाउंडेशनच्या गणिताला द्या, असं बऱ्याच आया म्हणाल्या. एका डॉक्टर पालकांनी उलट बाजू लावून धरली. जग कुठे चाललंय, युरोपात माणसं कमी पडतायत, भाषा सक्तीची नसेल तर आपली मुलं ती कधीच निवडणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. तिसऱ्या एका गटाला विषय चालत होता, फक्त टेस्ट परत हवी होती. ग्यानोबा वडजे मागच्या रांगेत बसले होते. देगलूरकर सरांनी नाव घेतल्यावर ते उभे राहिले.

"माझी आई तेलुगू बोलती," ते म्हणाले. "पोरगी तिच्यासंग तेलुगू बोलती, माझ्यासंग मराठी. शाळंत हिंदी हाय, इंग्रजी हाय. चार झाल्या. बारा वर्षांचं लेकरू हाय ते. पाचव्या भाषेसाठी तुमी उरावर बसून राहिले. जर्मनीतल्या पोरायला तेलुगूची सक्ती हाय का, तेवढं सांगा."

सभागृह हसलं. डॉक्टरही हसले. वडजे हसले नाहीत. बैलाचं नंतर बोलू, असं म्हणून ते खाली बसले.

देगलूरकर सरांनी शिल्पांना उत्तर द्यायला सांगितलं. बैठकीआधी त्यांनी शिल्पांना तोडगा सांगून ठेवला होता: टेस्ट परत सुरू करायची, मार्क परत लावायचे, पालक गप्प होतील, विषय सक्तीचा राहील आणि नेमणूकही. शिल्पांनी फक्त हो म्हणायचं होतं.

शिल्पांनी आधी पेटरची गोष्ट सांगितली. रांगेतल्या एकेका मुलाने आपण हाम्बुर्गचे असल्याचं कसं सांगितलं, पाहुणीने प्रत्येकाशी हात कसा मिळवला, आणि पावसाचा प्रश्न कसा अनुत्तरित राहिला. लोक पुन्हा हसले, आणि मग हळूहळू थांबले, कारण ती मुलं त्यांचीच होती.

"वडजे भाऊंचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे सक्ती चालत असेल, मला माहीत नाही. आपल्याकडचं मला माहीत आहे. आपल्याकडे सक्तीचा विषय मार्कांचा होतो, मार्कांचा झाला की रविवारची टेस्ट लागते, आणि टेस्ट लागली की सगळे पेटर होतात. तशी जर्मन मी वर्षभर शिकवलीय. निकाल शंभर टक्के लागला आणि पोरांना पाऊस आहे का ते सांगता आलं नाही. पुन्हा नाही शिकवणार."

मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी त्यांचाही मुद्दा अर्धा मान्य केला. सक्ती नसती तर या वर्गातली बहुतेक मुलं जर्मनच्या वाटेला गेलीच नसती, हे खरं होतं. म्हणून त्यांनी एक मागणी केली: सहावीच्या पहिल्या सत्रात सगळ्यांनी बसावं, मार्कांशिवाय. चव कळू द्यावी. पुढे ज्याला हवं त्याने यावं.

देगलूरकर सरांनी चष्मा काढला. विषय ऐच्छिक झाला तर नेमणुकीचं काय होईल ते मॅडमना माहीत आहे का, असं त्यांनी सर्वांसमोर विचारलं. शिल्पा म्हणाल्या, माहीत आहे. सरांनी निर्णय तिथेच दिला. सहावीला एक सत्र सगळ्यांना, गुण नाहीत. सातवी-आठवीला जूनपासून ऐच्छिक. एकही तुकडी भरली नाही तर विषय बंद.

घरी हरिओम यांनी सगळं ऐकून घेतलं. "दुसऱ्याची नोकरी घालवणारे पुष्कळ बघितले," ते म्हणाले. "स्वतःची, ती पण भाषण करून?" मग त्यांनी दोघांसाठी चहा टाकला आणि जूनमध्ये नर्सिंगच्या मुलींसाठी घरीच संध्याकाळचा वर्ग काढता येईल का, याचा विचार सुरू केला. शिल्पांनी तो वर्ग पुढे खरोखर काढला. पण त्या उन्हाळ्यात त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती: मार्क नाहीत, सक्ती नाही, आणि शाळा लातूरची. कोण येणार?

जूनच्या पहिल्या आठवड्यात विषय निवडायचा दिवस आला. मुलांना जो विषय हवा त्या वर्गात जाऊन बसायचं, एवढी साधी पद्धत. गणिताच्या फाउंडेशनच्या खोलीत बाक कमी पडले आणि बाजूच्या खोलीतून आणावे लागले. शिल्पा आपल्या खोलीत दस्ती घडी करून टेबलावर ठेवून बसल्या. आधी आठवीतली तिघं आली. मग बराच वेळ कोणी नाही. मग वीस लिटर दूध देणाऱ्या बैलाचा मालक आला आणि त्याच्यामागे त्याला शिव्या घालणारं सगळं टोळकं. मधल्या सुट्टीपर्यंत एक तुकडी भरली. दुसरी भरली नाही. विषय राहिला, शिल्पांचे तास निम्म्यावर आले. ऋतुजा दोन्ही खोल्यांत नव्हती. एसटी चुकल्यामुळे ती अजून गावाहून यायची होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, बरोबर वडील. ग्यानोबा वडजे खोलीच्या दारात थांबले. चप्पल काढायची की नाही याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि घालूनच आत आले. ऋतुजा त्यांच्याकडे न बघता पहिल्या बाकावर जाऊन बसली.

"मॅडम, हिचं नाव घ्या ह्या वर्गात."

शिल्पांनी विचारलं, भाऊ, तुमचा तर विरोध होता.

"सक्ती नको म्हणलो. भाषा नको कुठं म्हणलो?" वडजे म्हणाले. "सुट्टीभर घरी म्हशीसंग जर्मन बोलून राहिली. आई म्हणती, पोरीला लागिर झालं." ते टेबलापाशी सरकले. "एक इचारायचं होतं. त्या दिशी खिडकीतून बघितलं, पण शेवट न्हाई बघितला. हिचा बैल इकला का?"

"नाही," शिल्पा म्हणाल्या. "गिऱ्हाईक दोनदा परत आलं. हिने भाव सोडला नाही."

वडज्यांनी पहिल्या बाकाकडे पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "घाईत इकायचाच न्हाई." किल्ली या वेळी आठवणीने मुलीच्या हातात देऊन ते एसटी गाठायला निघाले.

शिल्पांनी टेबलावरची दस्ती उघडली आणि झटकली. ऋतुजाने दप्तर बाकावर उभं केलं.